धूळपाटीवरचा पाद्री : तरंगमबाडीतील झिगेनबाल्गची पहिली वर्षे

१/
इ. स. १७०६. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीतील एका घरात मुलांची शाळा भरली आहे. मुले जमिनीवर मांडी घालून बसली आहेत आणि पुढ्यात पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत आहेत. त्यांच्या रांगेत चोवीस वर्षांचा एक जर्मन पाद्रीही बसला आहे. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकून आलेला हा तरुण या वर्गात मात्र सर्वांत मागे आहे; कारण शेजारच्या पोराला येणारी अक्षरे त्याला अजून येत नाहीत.

२/
या तरुणाचे नाव बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग. भारतातील संघटित प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात तो आणि त्याचा सहकारी हाइनरिख प्ल्युट्शाऊ यांच्यापासून मानली जाते. तो शिकवण्यासाठी आला होता. परंतु आधी त्यालाच विद्यार्थी व्हावे लागले. हे शिक्षण त्याला कोणी दिले, त्यातून त्याच्या हाती काय लागले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या धाग्याचा विषय.

३/
झिगेनबाल्गचा जन्म १० जुलै १६८२ रोजी सॅक्सनीतील पुल्सनित्स या लहानशा गावी झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. प्रकृती तोळामासा. शिक्षण ग्योर्लित्स आणि बर्लिन येथे झाले आणि १७०३ मध्ये तो हाल्लेच्या विद्यापीठात दाखल झाला. आजारपणामुळे तिथला अभ्यासही सलग झाला नाही. दूरच्या उष्ण देशात पाठवण्याजोगा माणूस म्हणून कोणाच्याही नजरेत भरावे, असे त्याच्यात काही नव्हते.

४/
तरीही हाल्लेने त्याला घडवले. तिथे आउगुस्त हेर्मान फ्रांके यांच्या नेतृत्वाखाली ‘पायटिझम’ ही धर्मचळवळ भरात होती. तोंडाने धर्ममते मान्य करणे पुरेसे नाही. अंतःकरण पालटले पाहिजे, रोज शास्त्र वाचले पाहिजे, आपल्या आचरणाची रोज झडती घेतली पाहिजे, असा तिचा आग्रह. फ्रांके यांनी अनाथालय, शाळा, छापखाना, औषधालय असे मोठे विश्व उभे केले होते. प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतः आणि स्वतःच्या भाषेत वाचावा, हे या शिकवणीचे सार. म्हणून परक्या लोकांची भाषा शिकणे ही हाल्लेच्या विद्यार्थ्याला केवळ सोय वाटत नसे. ते धर्मकर्तव्यच होते.

५/
बोलावणे आले ते डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक चौथा याच्याकडून. डॅनिश व्यापारी १६२० पासून तरंगमबाडीत होते. तिथे त्यांचा डान्सबोर्ग किल्ला होता, १७०१ मध्ये बांधलेले झायन चर्चही होते. पण ते युरोपीयांसाठी. स्थानिकांसाठी मिशन पाठवण्याचा विचार पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कोणी अमलात आणला नव्हता. राजाचा धर्मोपदेशक ल्युट्केन्स जर्मन होता. त्याने आपल्या जर्मन परिचितांकडे माणसे शोधली आणि शोध झिगेनबाल्ग व प्ल्युट्शाऊ यांच्यापाशी येऊन थांबला.

६/
इथे मराठी वाचकाने नकाशाकडे नीट पाहावे. तरंगमबाडीची जागा डॅनिशांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळवली होती आणि तिच्यासाठी ते तंजावरला वार्षिक खंडणी देत. १६७० च्या दशकात नायकांची सत्ता संपली आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले. १७०६ मध्ये त्या गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे होते. म्हणजे हा जर्मन पाद्री उतरला त्या गावाच्या वेशीबाहेर मराठ्यांचे राज्य सुरू होत होते.

७/
नोव्हेंबर १७०५ मध्ये कोपनहेगन येथे दोघांना दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला ‘सोफिया हेडविग’ या जहाजातून ते निघाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, सात महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून, ९ जुलै १७०६ रोजी ते तरंगमबाडीला पोहोचले. दुसऱ्या दिवशी झिगेनबाल्गला चोवीस वर्षे पूर्ण झाली. धर्माचे शिक्षण त्याच्यापाशी होते. तमिळचा मात्र गंधही नव्हता.

८/
किल्ल्याचा प्रमुख हासियस याने त्यांचे थंडपणे स्वागत केले. त्याच्या दृष्टीने वसाहत ही व्यापारासाठी होती. धर्मप्रचाराने स्थानिक व्यापारी बिथरले, तंजावरचा दरबार नाराज झाला, तर नुकसान कंपनीचे. त्यात हे दोघे कंपनीचे नोकर नव्हते. थेट राजाच्या आज्ञेने आलेले. त्यांच्यावर आपला अधिकार किती, हाही प्रश्नच. हा तणाव पुढे बराच चिघळला.

९/
पहिला प्रश्न : शिकायची कोणती भाषा? किनाऱ्यावर युरोपीय आणि स्थानिक यांच्यातला व्यवहार मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये चाले. ती तुलनेने सोपी होती. पण बंदरातले दुभाषे, नोकर आणि गुलाम यांच्यापलीकडे ती पोहोचत नव्हती. गावोगावचे लोक तमिळ बोलत. युरोपीय तिला ‘मलबारी’ म्हणत. दोघांनी काम वाटून घेतले. प्ल्युट्शाऊने पोर्तुगीजवर भर दिला, झिगेनबाल्गने तमिळवर.

१०/
गावातील एका वृद्ध पंतोजींना त्यांनी विनंती केली. वय सुमारे सत्तर. पंतोजींनी आपली शाळाच या पाद्रींच्या घरी आणून भरवली. आपल्याकडे ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा शब्दप्रयोग अजून जिवंत आहे. तमिळ शाळेतही हीच रीत होती : आधी वाळूत बोटाने अक्षर, तोंडाने त्याचा उच्चार, हात बसला की ताडपत्र आणि लोखंडी लेखणी. झिगेनबाल्गने या पायऱ्या मुलांबरोबरच चढायचे ठरवले.

११/
लिपी सोपी नव्हती. मराठीत क, ख, ग, घ अशी चार अक्षरे आहेत. तमिळमध्ये या चौघांचे काम एकच अक्षर करते आणि उच्चार शब्दातील स्थानावरून ठरतो. ‘ळ’ च्या जवळचा, पण ‘ळ’ नव्हे, असा एक खास तमिळ ध्वनी आहे. तो परक्याच्या जिभेवर सहजासहजी बसत नाही. शिवाय ग्रंथांची तमिळ आणि बाजारातली तमिळ यांत मोठे अंतर. लॅटिन व्याकरणाच्या साच्यात वाढलेल्या माणसाला साचाच बदलावा लागणार होता.

१२/
लवकरच दुसरी अडचण उभी राहिली. पंतोजींना कोणतीही युरोपीय भाषा येत नव्हती. झिगेनबाल्ग अक्षर ओळखू लागला, वाचूही लागला. पण वाचले त्याचा अर्थ सांगणार कोण? मुलांना अर्थ घरातूनच मिळत होता. त्यांना फक्त अक्षरे शिकायची होती, त्याला अक्षरांबरोबर भाषाही. धूळपाटी त्याला उंबरठ्यापर्यंत घेऊन आली होती. आत नेण्यासाठी दुभाषा हवा होता.

१३/
तो मिळाला अळगप्पनच्या रूपाने. जर्मन कागदपत्रांत त्याचे नाव ‘आलेप्पा’ असे येते. डॅनिश कंपनीत दुभाष्याचे काम केलेला हा माणूस तमिळखेरीज पोर्तुगीज, डॅनिश, जर्मन आणि डच जाणत होता. मिशनने त्याला पगारावर ठेवले. शब्दाचा अर्थ, त्यामागची चाल, कोणापुढे कसे बोलावे, एखादी कथा लोक कशी सांगतात, हे सारे झिगेनबाल्ग त्याच्याकडून शिकला. आठ-नऊ महिन्यांत तो तमिळ वाचू, लिहू आणि बोलू लागला.

१४/
१७०८ च्या एका पत्रात झिगेनबाल्गने आपली दिनचर्या दिली आहे. सकाळी सात ते आठ, आधी टिपलेल्या शब्दांची आणि वाक्यांची उजळणी. आठ ते बारा, न वाचलेल्या तमिळ ग्रंथांचे वाचन; शेजारी एक वृद्ध कवी अर्थ सांगायला आणि एक लेखनिक नवे शब्द टिपायला. दुपारी तीन ते पाच पुन्हा वाचन. रात्री डोळ्यांना विश्रांती म्हणून दुसऱ्याने वाचायचे आणि त्याने ऐकायचे. हाल्लेची कडक शिस्त तमिळच्या अभ्यासाला अशी जुंपली गेली.

१५/
त्याची पद्धत साधी आणि चिवट होती. एकच पुस्तक तो शंभरदा वाचायचा; त्यातला एकही शब्द, एकही वळण अनोळखी राहू नये, इतके. सुरुवातीला त्याने काव्य बाजूला ठेवून गद्याकडे लक्ष दिले. कारण त्याला लोकांशी बोलायचे होते. टिपलेल्या शब्दांतून हजारो शब्दांचा कोश उभा राहिला. पुढे काव्यभाषेचा कोशही वेगळा झाला.

१६/
पण ग्रंथ आणायचे कोठून? आपले लेखनिक त्याने आतल्या गावांत पाठवले. दिवंगत ब्राह्मणांच्या विधवांकडून ताडपत्रांची बाडे स्वस्तात विकत मिळत, असे त्याने लिहून ठेवले आहे. अभ्यासकाचा हा लाभ कोणाच्या तरी घरातल्या अडचणीतून येत होता, हेही या वाक्यात दिसते. १७०८ मध्ये त्याने आपल्या संग्रहाची सटीप यादी केली : ‘बिब्लिओथेका मलबारिका’. तीत शंभरांहून अधिक तमिळ ग्रंथांची नोंद आहे. ‘तिरुक्कुरळ’ आणि ‘तोलकाप्पियम’ ही त्यांतलीच.

१७/
त्याच वर्षी त्याने तीन तमिळ नीतिग्रंथांचे जर्मन भाषांतर केले : ‘नीतिवेण्बा’, ‘कोन्रै वेन्दन’ आणि ‘उलगनीति’. युरोपात या लोकांना रानटी समजतात, त्यांना ना विद्या ना नीती असे मानतात. आपणही तसेच मानून आलो होतो, पण त्यांची भाषा आणि ग्रंथ कळल्यावर तो समज टिकला नाही, असे त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले. दोन वर्षांपूर्वी वाळूत अक्षरे गिरवणाऱ्या तरुणाची ही कबुली आहे.

१८/
याचा अर्थ तो हिंदू धर्माचा चाहता झाला, असा मात्र नाही. मूर्तिपूजा त्याला शेवटपर्यंत चूकच वाटली आणि लोकांना ख्रिस्ती करणे हेच त्याचे ध्येय राहिले. विरोधकाचे म्हणणे खोडायचे तर ते आधी नीट समजले पाहिजे, हा त्याच्या अभ्यासामागचा एक उघड हेतू होता. पण नीट समजून घेण्याच्या या प्रयत्नात तो अनेकदा हेतूच्या पलीकडे गेला. त्याचे लिखाण आजही वाचावेसे वाटते ते त्यामुळे.

१९/
संवाद एकतर्फीही राहिला नाही. तो गावोगाव जाऊन चर्चा करी, तेव्हा लोक उलट प्रश्न विचारत. पुढे मिशनने तमिळ लोकांना प्रश्न पाठवून त्यांची लेखी उत्तरे मागवली आणि जर्मनमध्ये भाषांतर करून ती हाल्लेत छापली. देव, जात, विवाह, मृत्यू, आणि ख्रिस्ती लोकांचे प्रत्यक्ष वर्तन, यांवर तमिळ माणसांची मते युरोपीय वाचकासमोर अशी पोहोचली. त्यांतली बरीच पत्रे अळगप्पनने लिहिली असावीत, असे अभ्यासक मानतात.

२०/
१७०९ मध्ये झिगेनबाल्गने तमिळ वेष करून तंजावरच्या मुलखात आत शिरण्याचा प्रयत्न केला. त्याला अर्ध्या वाटेवरून परतावे लागले. मराठी राज्यात युरोपीय धर्मोपदेशकाला मोकळा प्रवेश नव्हता. भाषा आली, वेष जमला, तरी सीमा ही सीमाच राहिली.

२१/
वसाहतीच्या आत तर संघर्ष आधीच पेटला होता. एका तमिळ विधवेच्या देण्याघेण्याच्या वादात झिगेनबाल्गने तिची बाजू घेतली आणि हासियसने त्याला किल्ल्यात डांबले. नोव्हेंबर १७०८ ते मार्च १७०९ असे चार महिने तो कैदेत होता. नव्या कराराचे तमिळ भाषांतर त्याने नुकतेच, ऑक्टोबर १७०८ मध्ये, हाती घेतले होते. तथापि त्याच्यामागे डेन्मार्कचा राजा होता, हाल्ले होते. तो सुटला आणि कामाला लागला.

२२/
त्याच्या शिक्षकांच्या पाठीशी असे कोणी नव्हते. अळगप्पनला हासियसने तरंगमबाडीतून हद्दपार केले. परक्या पाद्रीला भाषा आणि धर्म यांचे मर्म सांगणारा माणूस दोन्हीकडून संशयाच्या छायेत आला होता. भाषा शिकणाऱ्याला चार महिन्यांची कैद झाली. भाषा शिकवणाऱ्याचे गावच सुटले.

२३/
गणपती वात्तियार या तरुण कवीची गोष्टही अशीच. ‘वात्तियार’ म्हणजे शिक्षक. मिशनच्या सहवासात राहून त्याने १७०९ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती विषयांवर तमिळ पद्यरचना केली. घरच्यांनी कडाडून विरोध केला. पुढे तो मिशनपासूनही दुरावला. दोन जगांना जोडणारी माणसे अनेकदा दोन्ही जगांत एकाकी पडतात. मिशनच्या अहवालांत मात्र त्यांच्या वाट्याला काही ओळीच येतात.

२४/
मग झिगेनबाल्गच्या स्वतःच्या घरून, म्हणजे हाल्लेहून, काय उत्तर आले? १७१३ मध्ये त्याने दक्षिण भारतीय देवदेवतांच्या वंशावळीचा मोठा ग्रंथ पूर्ण करून तिकडे पाठवला. ग्रामदेवतांपासून शिव-विष्णूंपर्यंत सर्वांची त्यात पद्धतशीर नोंद होती. फ्रांके यांना तो छापण्याजोगा वाटला नाही. मिशनरी मूर्तिपूजेचे उच्चाटन करण्यासाठी पाठवले आहेत, तिच्या कथा युरोपात पसरवण्यासाठी नव्हे, असा त्यांचा अभिप्राय होता. ज्या हाल्लेने त्याला भाषा शिकण्याची प्रेरणा दिली, त्याच हाल्लेला त्या शिक्षणाचे फळ नको होते.

२५/
तो ग्रंथ छापला गेला १८६७ मध्ये, मद्रासला. लिहिल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. तमिळ धर्मजीवनावरील त्याचा १७११ चा दुसरा ग्रंथ तर १९२६ मध्ये प्रकाशात आला. दरम्यान युरोपात भारतविद्या जन्मली, संस्कृतभोवती वाढली, आणि तिच्या आरंभीच्या इतिहासात तरंगमबाडीचे नाव मागे पडले.

२६/
जे छापायला हरकत नव्हती, ते मात्र छापले गेले. लंडनहून छापखाना आला, हाल्लेत तमिळ खिळे पाडले गेले आणि तमिळ नवा करार १७१५ पर्यंत तरंगमबाडीत छापून झाला. १७१४ मध्ये झिगेनबाल्ग युरोपला निघाला तेव्हा मलैयप्पन हा तमिळ तरुण त्याच्याबरोबर होता. १७१६ मध्ये हाल्लेत ‘ग्रामातिका दामुलिका’ हे लॅटिनमधील तमिळ व्याकरण प्रसिद्ध झाले, त्या कामात मलैयप्पनचा हात होता. या वेळी परदेशात जाऊन परक्यांमध्ये वावरण्याची पाळी तमिळ माणसाची होती.

२७/
झिगेनबाल्ग २३ फेब्रुवारी १७१९ रोजी तरंगमबाडीत वारला. वय अवघे ३६. त्याने पाडलेली वाट पुढे तंजावरपर्यंत गेली. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा हाल्लेचाच विद्यार्थी. तमिळचे पहिले धडे त्याने भारतात येण्यापूर्वी हाल्लेतच गिरवले, १७५० मध्ये तो तरंगमबाडीत आला आणि पुढे मराठीही शिकला. ज्या तंजावरच्या वाटेवरून झिगेनबाल्गला परतावे लागले, तिथल्याच राजपुत्राचे, सरफोजीराजांचे, शिक्षण श्वार्ट्झच्या देखरेखीखाली झाले. सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार करणारे विद्याप्रेमी राजे ते हेच.

२८/
मिशनरी आणि भारतीय भाषा यांचा इतिहास आपण बहुधा पहिला कोश, पहिले व्याकरण, पहिले मुद्रण अशा ‘पहिल्यां’च्या यादीतून वाचतो. ती यादी खोटी नाही, अपुरी आहे. ‘ग्रामातिका दामुलिका’च्या मुखपृष्ठावर एकच नाव छापलेले आहे. पण त्या पुस्तकातले एकेक रूप त्याआधी कोणी ना कोणी त्याला म्हणून दाखवले होते : शाळा उचलून त्याच्या घरी आणणारे सत्तरीचे पंतोजी, शेजारी बसून अर्थ सांगणारा वृद्ध कवी, गाव सुटलेला अळगप्पन, समुद्र ओलांडणारा मलैयप्पन. आणि वाळूत अक्षरे गिरवणारी ती मुलेही, ज्यांच्या रांगेत तो शिकायला बसला होता.